जुन्या स्पोर्ट्स कारचे पॉवर स्टिअरिंग

उभ्या गाडीची पुढची चाके वळवणे हे स्टिअरिंगवरच्या हातांना पडणारे सर्वांत जड काम. गाडी चालती असली की टायर फिरता फिरता दिशा बदलतो. उभी असली की तेच रबर जागच्या जागी रस्त्याला घासते. पुढच्या चाकांवर जितके वजन आणि टायर जितका रुंद, तितका हा विरोध वाढतो. तो हाताला झेपेल इतका कमी करण्याचे दोन जुने उपाय आहेत. एक, स्टिअरिंग व्हील मोठे घ्यायचे. दुसरा, स्टिअरिंगच्या गिअरचे प्रमाण असे ठेवायचे की हाताने जास्त फेरे मारावेत आणि चाके थोडीच वळावीत. बस आणि ट्रक कित्येक दशके याच उपायांवर चालले. स्पोर्ट्स कारला मात्र दोन्ही गैरसोयीचे, कारण मनगट हलले की गाडी वळली पाहिजे अशी तिच्याकडून अपेक्षा असते. त्यामुळे तिसरा उपाय, म्हणजे हाताच्या जोडीला यंत्राचा जोर देणे, तिला सर्वांत आधी मिळायला हवा होता. घडले उलटे. यंत्राचा जोर जहाजांना मिळाला, लष्करी गाड्यांना मिळाला, आलिशान सलून गाड्यांना मिळाला. स्पोर्ट्स कारच्या वाट्याला तो फार उशिरा आला आणि अनेक नामांकित गाड्यांना तर कारखान्यातून कधीच मिळाला नाही.

यंत्राने दिशा बदलण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. सुमारे 211 मीटर लांबीच्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या ब्रिटिश जहाजावर 1867 साली जॉन मॅकफार्लेन ग्रे यांचे वाफेवर चालणारे सुकाणूयंत्र बसवले गेले. एवढ्या जहाजाचे सुकाणू माणसांच्या बळावर फिरवणे हे अनेक खलाशांचे काम होते. ग्रे यांच्या यंत्राची खुबी त्याच्या थांबण्यात होती. चाक फिरवले की वाफेची झडप उघडे आणि सुकाणू वळू लागे. सुकाणू हव्या त्या कोनात पोहोचले की त्याचीच हालचाल ती झडप बंद करी. हाताने मागितले तेवढेच यंत्राने द्यायचे आणि तिथेच थांबायचे, हे तत्त्व त्यात पक्के झाले. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को यांनी अशाच यंत्रांवर काम केले आणि 1873 साली त्यांच्या ग्रंथातून ‘सर्वो’ हे नाव रूढ झाले. पुढच्या दीडशे वर्षांत वाफेच्या जागी तेल आले, तेलाच्या जागी वीज आली, पण तत्त्व तेच राहिले.

मोटारगाडीत हे तत्त्व आणण्याचे प्रयत्न मोटारीच्या बालपणीच सुरू झाले. पिट्सबर्गच्या रॉबर्ट ट्वायफर्ड यांनी 1900 साली चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले, त्यात इंजिनच्या जोरावर चालणारे स्टिअरिंगही होते. 1903 मध्ये कोलंबियाच्या एका अवजड इलेक्ट्रिक ट्रकला स्टिअरिंगसाठी स्वतंत्र मोटर दिली गेली. यांतले काहीच टिकले नाही.

टिकले ते फ्रान्सिस डेव्हिस यांचे काम. डेव्हिस हे हार्वर्डमध्ये शिकलेले इंजिनिअर. बफेलोच्या पिअर्स-ॲरो कंपनीत ते ट्रकविभागाचे काम पाहत. अवजड ट्रकचे स्टिअरिंग किती जड होते आणि खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंग व्हील कसे हातातून हिसकले जाते, हे त्यांना रोज ऐकावे लागे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नोकरी सोडली आणि मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे छोटी कार्यशाळा घेतली. जॉर्ज जेसप हे कसबी टूलमेकर त्यांच्या जोडीला होते.

त्या काळची हायड्रॉलिक यंत्रे तेल सतत दाबाखाली साठवून ठेवत आणि गरज पडली की व्हॉल्व्ह उघडून तो दाब वापरत. दाब कायम असल्यामुळे सांध्यासांध्यांतून तेल गळे आणि व्हॉल्व्ह उघडताच जोर एकदम येई. डेव्हिस यांनी ही रचना उलटी केली. त्यांच्या यंत्रात पंप तेल सतत फिरवत राही, पण व्हॉल्व्ह एरवी मधोमध उघडा असल्यामुळे तेल काहीही न ढकलता परत टाकीत जाई. चालकाने स्टिअरिंग फिरवले की व्हॉल्व्ह किंचित सरके, परतीची एक वाट अरुंद होई आणि तेवढ्यापुरताच दाब पिस्टनच्या एका बाजूला चढे. हात जितका जोर लावी त्या मानाने मदत मिळे. सरळ रस्त्यावर यंत्र जवळजवळ नसल्यासारखे असे. पुढच्या 60 वर्षांतली बहुतेक हायड्रॉलिक स्टिअरिंगे याच उघड्या व्हॉल्व्हवर चालली, आणि या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची कल्पना आहे यात शंका नाही.

डेव्हिस यांनी 1925 साली हे यंत्र बसवले ते एका उघड्या पिअर्स-ॲरो गाडीत. गाडी 1921 ची होती, म्हणजे चार वर्षे वापरलेली. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची पहिली यशस्वी गाडी ही कारखान्यातून तशी निघालेली नव्हती. जुन्या गाडीला ते मागाहून जोडलेले होते. आज एखाद्या गॅरेजात साठ वर्षांपूर्वीच्या गाडीवर जे काम होते, त्याची सुरुवात तिथे झाली. 1926 च्या ऑक्टोबरात डेव्हिस ती गाडी घेऊन डेट्रॉइटला गेले आणि जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांना त्यांनी ती चालवायला दिली. कंपनीने करार केला. कॅडिलॅकमध्ये हे स्टिअरिंग द्यायचे ठरले. पण महामंदीत महागड्या गाड्यांचा खप आटला आणि 1934 मध्ये करार संपवण्यात आला. त्यानंतर डेव्हिस बेंडिक्स कंपनीकडे वळले.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांचे यंत्र खरे रस्त्यावर आणले. ब्रिटिश लष्करासाठी अमेरिकेत बनलेल्या चिलखती गाड्यांना ते बसले, आणि युद्ध संपेपर्यंत 10,000 हून अधिक लष्करी गाड्यांत पॉवर स्टिअरिंग होते. सामान्य ग्राहकाला ते पहिल्यांदा 1951 च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये मिळाले. क्रायस्लरने डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार घेतला होता. मग जनरल मोटर्सनेही घाई केली. डेव्हिस यांच्याशी पुन्हा करार झाला आणि 1952 च्या कॅडिलॅकमध्ये पॉवर स्टिअरिंग आले. युरोपात 1955 च्या सिट्रोएन डीएसने ते आपल्या सर्वव्यापी हायड्रॉलिक यंत्रणेत सामावून घेतले.

अमेरिकी ग्राहकाला तेव्हा हवे होते ते एका बोटाने फिरणारे स्टिअरिंग, आणि कंपन्यांनी ते दिले. इतके हलके, की पुढची चाके डांबरावर आहेत की ओल्या चिखलावर हे हाताला कळू नये. स्पोर्ट्स कारच्या जगात पॉवर स्टिअरिंगची बदनामी झाली ती इथे, आणि त्या बदनामीला ठोस आधार होता.

पुढचे चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते त्या तिरपेपणाला कास्टर म्हणतात. या कोनामुळे आणि टायरच्या स्वतःच्या स्वभावामुळे वळलेले चाक पुन्हा सरळ होऊ पाहते, आणि तो जोर चाकांना वळवणाऱ्या दातेरी पट्टीतून (रॅक) आणि स्टिअरिंगच्या दांड्यातून (कॉलम) चालकाच्या हातापर्यंत येतो. वळणावर टायरची पकड संपत आली की हा सरळ करू पाहणारा जोर पकडीच्याही आधी ओसरू लागतो. स्टिअरिंग किंचित हलके पडते आणि अनुभवी चालकाला गाडी घसरण्याआधीच इशारा मिळतो. साध्या रॅक-पिनियनच्या गाडीत हा इशारा थेट येतो. जास्त मदत करणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तो तेलातच विरून जातो. ज्या गाडीचे सारे मोल चालवण्याच्या आनंदात आहे, तिच्या चालकाला हा तोटा मोठा होता.

तरीही एकेक करून कंपन्यांना वळावेच लागले. शेव्हरोलेने 1963 च्या कॉर्व्हेटमध्ये पॉवर स्टिअरिंग पर्याय म्हणून दिले. पहिल्या वर्षी सात गाड्यांमागे जेमतेम एका ग्राहकाने ते घेतले. त्याच वर्षी मर्सिडीजच्या 230 एसएलला हा पर्याय होता. ॲस्टन मार्टिन डीबी6 लाही पर्याय होता, आणि 1967 च्या चार आसनी फेरारी 365 जीटी 2+2 ला तर ते मूळ सज्जेतच होते. जॅग्वार ई-टाइपला 1968 च्या दुसऱ्या मालिकेत ते पर्याय म्हणून आले. 1971 मध्ये 12 सिलिंडरचे इंजिन बसल्यावर ते प्रत्येक गाडीला देण्यात आले.

कॉर्व्हेटची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्या दुखण्यातूनच पुढे बदल करणाऱ्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. तिच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये तेल नव्हतेच. बॉक्स साध्या गाडीचाच. मदत करणारा सिलिंडर बाहेर, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला, आणि व्हॉल्व्ह वेगळा. या तुकड्यांमधून रबरी नळ्या फिरत. चिखल, खडी आणि उष्णता या तिन्हींना तोंड देत हे सगळे गाडीच्या पोटाशी उघड्यावर लटकत असे, त्यामुळे तेलगळती ठरलेली. ही रचना शेव्हरोलेने 1982 पर्यंत चालवली. आज या गाड्यांचे मालक सिलिंडर आणि बाहेरचा व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि आतच पॉवरची सोय असलेला आधुनिक स्टिअरिंग बॉक्स किंवा पूर्ण रॅक बसवतात.

कल्पकतेच्या दृष्टीने सर्वांत धाडसी उत्तर मात्र फ्रान्समधून आले. 1970 च्या सिट्रोएन एसएमचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघ्या दोन फेऱ्यांत फिरे. गाडी उभी असताना ते हलके असे आणि वेग वाढेल तसे आपोआप जड होई. हात सोडला तर उभ्या गाडीतही सरळ रेषेत परत येई. वेगानुसार मदत कमी-जास्त करण्याची ही सोय पुढे सर्व उद्योगाने उचलली. सवय नसलेल्या चालकाला मात्र एसएमचे स्टिअरिंग घाबरवून टाके.

ब्रिटनमधील एमजी कारखान्याची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. 1962 ची एमजीबी चार सिलिंडरची, हलकी, रॅक-पिनियनची; तिचे स्टिअरिंग चालत्या गाडीत अतिशय सरळ आणि बोलके होते. 1967 मध्ये त्याच देहात सहा सिलिंडरचे 2,912 सीसीचे लोखंडी इंजिन घालून एमजीसी काढली गेली. पुढच्या चाकांवरचे वजन बरेच वाढले. पॉवर स्टिअरिंग देण्याऐवजी कारखान्याने रॅकचे प्रमाण संथ केले, म्हणजे फेरे वाढवले. गाडीचे नाक वळायला तयार होत नाही अशी टीका झाली आणि दोन-अडीच वर्षांत एमजीसी बंद पडली. पोर्शे 911 ला असा प्रसंग आला नाही, कारण तिचे इंजिन मागे. पुढची चाके हलकीच. तिला पॉवर स्टिअरिंग मिळाले ते 1989 च्या 964 पिढीत, आणि त्या पिढीतल्या हलक्या कॅरेरा आरएसमधून ते पुन्हा काढलेही गेले.

कारखान्यांनी जे टाळले त्याची गरज पुढे मालकांनी स्वतःच निर्माण केली. 1960 च्या दशकातली स्पोर्ट्स कार जुन्या पद्धतीच्या अरुंद क्रॉसप्लाय टायरसाठी आखलेली होती. तिला रुंद रेडियल टायर आले. रेडियलचा पट्टा रस्त्याला जास्त चिकटतो, त्यामुळे पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड झाले. रुंद रिम बसवताना चाक बाहेरच्या बाजूला सरकले की ज्या अक्षाभोवती ते वळते त्यापासून टायरचा मध्य लांब जातो आणि प्रत्येक खड्डा हाताला झटका देतो. त्यात मूळचे मोठे स्टिअरिंग व्हील काढून शर्यतीच्या गाडीसारखे लहान व्हील लावण्याची फॅशन आली. सुरुवातीच्या एमजीबीचे व्हील साडेसोळा इंचांचे होते. त्या जागी 13 इंची लावले तर तेच काम करायला हाताला सव्वापटीहून अधिक जोर लागतो. कोणी आठ सिलिंडरचे इंजिन चढवले, कोणी एअर कंडिशनर. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर क्षुल्लक होता; एकत्र झाल्यावर गाडी गल्लीत वळवणे मुश्कील झाले. शिवाय तिशीत घेतलेली गाडी सत्तरीतही चालवणाऱ्या मालकांची पिढी आता आली आहे आणि खांद्याच्या दुखण्यामुळे आवडती गाडी विकण्याची वेळ येणे हे खरोखर वाईट आहे.

यंत्राशिवायचे उपाय आधी केले जातात, आणि ते आधीच करायला हवेत. चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनमध्ये ग्रीस भरणे, टायरमधली हवा तपासणे, रॅक कोरडा पडला नाही ना हे पाहणे एवढ्यानेही बराच फरक पडतो. एमजीबीत क्रॉसप्लायच्या काळासाठी सुमारे 7 अंशांचा कास्टर होता. पुढच्या क्रॉसमेंबरखाली पाचर घालून तो कमी केला की रेडियल टायरवर स्टिअरिंग हलके होते. पण कास्टर घटला की स्टिअरिंगचा आपोआप सरळ येण्याचा गुणही घटतो. म्हणून या वाटेने फार पुढे जाता येत नाही.

हायड्रॉलिक यंत्रणा जुन्या गाडीत बसवणे हे मेहनतीचे काम आहे. पंपासाठी इंजिनवर ब्रॅकेट हवे, क्रँकच्या पुलीला आणखी एक पट्टा हवा, तेलाची टाकी हवी, आणि दाबाच्या नळ्या गरम एक्झॉस्टपासून दूर नेण्याची जागा हवी. लहान इंजिनखोलीत या चारही गोष्टी क्वचितच मिळतात. जिथे मूळ कारखान्यानेच पर्याय दिला होता, जसे ई-टाइप किंवा 230 एसएल, तिथे मूळ सुटे भाग शोधून बसवणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग. इतरांना काही काळ विजेवर चालणाऱ्या पंपाचा आधार मिळाला. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या एमआर2 मध्ये इंजिन मध्यभागी असल्यामुळे पट्ट्याचा पंप पुढे आणणे अवघड होते, म्हणून तिला विजेचा पंप दिला होता. भंगारातल्या गाड्यांतून निघालेले असे पंप इंजिनपासून दूर, कुठेही बसवता येत. नळ्या आणि तेल मात्र राहिलेच.

कोंडी फुटली ती जपानच्या सर्वांत छोट्या गाड्यांमुळे. 1988 मध्ये सुझुकीने सर्वो या चिमुकल्या गाडीत कोयो सेइकोने बनवलेले संपूर्ण विजेवरचे स्टिअरिंग दिले. 550 सीसीच्या मर्यादेतल्या इंजिनाला सतत फिरणारा तेलाचा पंप ओढणे परवडणारे नव्हते. विजेची मोटर मात्र स्टिअरिंग फिरवले तेव्हाच करंट घेते. 1990 मध्ये होंडाने एनएसएक्स या स्पोर्ट्स कारच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत रॅकवर मोटर असलेले स्टिअरिंग दिले. पुढे मारुतीच्या छोट्या गाड्यांतून हेच तंत्र भारतीय रस्त्यांवर सर्रास दिसू लागले.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग नजरेस पडत नाही. स्टिअरिंग कॉलम मधोमध दोन तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे एका बारीक पोलादी सळीने, टॉर्शन बारने, जोडलेले असतात. हाताने जोर लावला आणि चाकांनी विरोध केला की ही सळी काही अंशांनी पिळली जाते. सेन्सर तो पीळ मोजतो, नियंत्रक तेवढा करंट सोडतो, आणि मोटर वर्म गिअरमधून कॉलमला ढकलते. पीळ संपला की मदत संपली. नंतरच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगांतही व्हॉल्व्ह उघडण्याचे काम अशीच सळी करी.

युरोपातल्या कारागिरांनी या यंत्रणेचा फायदा लगेच ओळखला. ओपेल कोर्सा सी ही स्वस्त, लाखोंनी खपलेली गाडी. तिच्या डॅशबोर्डखालचा मोटरसह कॉलम भंगारात सहज मिळे. गाडीच्या संगणकाकडून वेगाचा संदेश आला नाही तर तिचा नियंत्रक बंद पडत नाही. एका ठरावीक, बेताच्या मदतीवर चालत राहतो. जुन्या गाडीत असा संगणक नसतोच, त्यामुळे ही सोय वरदान ठरली. मदत कमी-जास्त करणारे छोटे बटणही पुढे बाजारात आले. आता अनेक जुन्या मॉडेलांसाठी तयार किट मिळतात. मूळ कॉलमच्या जागी ती जशीच्या तशी बसतात आणि डॅशबोर्डखाली वाकून पाहिल्याखेरीज कोणाला काही कळत नाही.

तरी काम सोपे नाही. मोटर कॉलमला फिरवते तेव्हा तितक्याच जोराने स्वतः उलट दिशेने फिरू पाहते. म्हणून तिचे ब्रॅकेट पातळ पत्र्याला नव्हे, मजबूत आडव्या भागाला बोल्टने आवळावे लागते. मूळ कॉलम कापून वेल्डिंगने जोडणे हा सर्वांत धोक्याचा भाग, कारण तो सांधा तुटला तर गाडी कोणाच्याच हातात राहत नाही. स्प्लाइन असलेले नवे जोड आणि युनिव्हर्सल जॉइंट वापरणे हाच सुरक्षित मार्ग. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून अपघातात दबणारे कॉलम आले. तसा कॉलम काढून कडक दांडा बसवणे म्हणजे एक सोय घेऊन जीव वाचवणारी दुसरी घालवणे. मोटरचा वाढीव जोर खालच्या जॉइंट आणि रॅकच्या दातांवर पडतो. माणसाच्या हातापुरते बनवलेले आणि साठ वर्षे झिजलेले हे भाग आधी तपासले पाहिजेत.

विजेचा हिशेबही लागतो. सरळ जाताना मोटर थोडेच अँपिअर घेते, पण जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण फिरवताना क्षणभर 40 ते 50 अँपिअरपर्यंत जाते. जुन्या ब्रिटिश गाड्यांतला लुकासचा सी40 डायनॅमो कमाल 22 अँपिअर देतो आणि इंजिन संथ चालले की जवळजवळ काहीच देत नाही. पार्किंगमध्ये नेमके तेच घडते. म्हणून अल्टरनेटर बसवावा लागतो. अनेक ब्रिटिश गाड्यांत 1960 च्या दशकात बॅटरीचा धन ध्रुव चासीला जोडलेला असे. तो बदलून ऋण ध्रुव जोडल्याशिवाय आधुनिक नियंत्रक चालत नाही. हे सगळे करूनही कॉलम आणि रॅक यांचा यांत्रिक जोड कायम राहतो. फ्यूज उडाला तर स्टिअरिंग पूर्वीसारखे जड होते, पण चाके वळतात.

मदत किती ठेवायची, हा शेवटचा निर्णय मालकाचा. पार्किंगमध्ये खांदा दुखू नये इतकीच मदत ठेवली आणि वेगात ती जवळजवळ बंद केली, तर वळणावरचा तो हलका इशारा हातापर्यंत पोहोचत राहतो. डेव्हिस यांच्या उघड्या व्हॉल्व्हचाही हेतू तोच होता: गरजेपुरता जोर, बाकी मोकळीक.

जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिवाने, 2012 मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत मूळ रूप जपण्यावर भर आहे, आणि बदल झालाच तर तो परत काढता येण्याजोगा असावा अशी तिची भूमिका आहे. भारतात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. महाराष्ट्रात तिच्या क्रमांकात एमएचनंतर व्हीए ही अक्षरे येतात. चासी, बॉडी आणि इंजिनच्या त्या यादीत स्टिअरिंगचे नाव नाही, पण मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे बंधन आहेच. म्हणून पॉवर स्टिअरिंग बसवायचे ठरवणाऱ्याने काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, चासीवर नवे भोक न पाडणारे किट निवडावे, आणि काढलेला मूळ कॉलम व स्टिअरिंग व्हील कधीही विकू नये.